नागपूरचे बारा कधी वाजतात?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या झिरो माइलजवळ एक सरळ काठी उभी करून बघावी. मोबाइलमध्ये बारा वाजतात, पण काठीची सावली अजून पश्चिमेकडेच झुकलेली असते. ती सर्वांत आखूड होऊन नेमकी उत्तरेकडे येते तेव्हा बारा वाजून जवळपास अठ्ठावीस मिनिटे झालेली असतात. सूर्याच्या हिशेबाने नागपूरचे बारा तेव्हा वाजतात.

मोबाइल चुकत नाही आणि सूर्यही उशीर करत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळची. नागपूर आहे सुमारे ७९ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे नागपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या पावणेचौदा मिनिटे मागे पडते. उरलेला फरक पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा आणि तिच्या कललेल्या आसाचा. त्यामुळे वर्षभरात सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे धावतो.

ही एकच वेळ देशभर लागू झाली १ जानेवारी १९०६ रोजी. त्याआधी गावोगावी आपापली दुपार होती. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. पुढे रेल्वेचे वेळापत्रक मद्रासच्या वेळेने चालू लागले आणि स्टेशनावरचे घड्याळ गावातल्या सूर्यापेक्षा पाचेक मिनिटे पुढे गेले. मुंबईने तर नवी वेळ सहजासहजी स्वीकारलीच नाही. तिथली ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत तग धरून होती.

पंचांगाने मात्र गावाचा सूर्य कधीच सोडला नाही. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो. चंद्राचेही तसेच, म्हणून दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय शहरवार छापावा लागतो. मुंबईच्या चंद्रोदयावर नागपूरकर उपवास सोडत नाही. पंचांगाचे मापही वेगळे: दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. ती मोजायला तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवत. वाटी भरून बुडाली की घटका झाली. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग त्या वाटीतून आला.

पूजेच्या आरंभीचा संकल्प याहून बोलका आहे. हातात पाणी घेतले की गुरुजी आधी कल्प, मन्वंतर, युग, शक, संवत्सर, मास, तिथी असा कालाचा पत्ता सांगतात. त्यातच देशाचाही पत्ता येतो: गोदावरीचा कोणता तीर? नागपूरकर उत्तर तीराचा. कल्प तब्बल ४३२ कोटी वर्षांचा. आजचे विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते. आकडे जवळ आले म्हणून पुराणे भूगर्भशास्त्र ठरत नाहीत. एक आकडा युगगणनेतून आला, दुसरा खडक-उल्कांमधल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मोजणीतून. पण काळ सांगताना जागाही सांगावी लागते, ही संकल्पातली सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कारण विसाव्या शतकात भौतिकशास्त्रही तिथेच पोचले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार गुरुत्वाकर्षण जिथे अधिक खोल, तिथे घड्याळ हळू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. एक उत्तम अणुघड्याळ इथे आणि एक समुद्रसपाटीवर ठेवले, तर वर्षाअखेरीस नागपूरचे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने पुढे गेलेले असेल. माणसाच्या आयुष्यात याला किंमत शून्य. पण जीपीएस उपग्रहांची घड्याळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. या फरकाची दुरुस्ती केली नाही, तर सीताबर्डीत मागवलेली रिक्षा एका दिवसात दहा किलोमीटर लांब दिसू लागेल.

कृष्णविवराजवळ हाच परिणाम अफाट वाढतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला याच कल्पनेवरची ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले.

मग घड्याळ नेमके मोजते तरी काय? १९६७पासून सेकंद म्हणजे सीझियम अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने. वाटी असो की अणू, मोजला जातो तो बदल. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात क्षणाची व्याख्याही अशीच येते: परमाणू एक जागा सोडून पुढच्या जागी पोचतो तेवढा काळ. भाष्यकार पुढे म्हणतात की खरा तो क्षण. क्षणांची माळ आपली बुद्धी ओवते. बौद्ध विचारात बदलच केंद्रस्थानी आहे. जे उत्पन्न होते ते लय पावते, म्हणून सारे अनित्य. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला येणारे साधक हे ग्रंथात वाचत नाहीत. मांडी घालून बसल्यावर गुडघ्यात उठलेली कळ येते आणि जाते, ती नुसती बघायची असते. गंमत म्हणजे या शिबिराचा दिवस सुरू होतो घड्याळानेच, पहाटे चारच्या घंटेने.

अध्यात्माचा काळ अनुभवणाऱ्याला धरून चालतो, विज्ञानाचा अनुभवणाऱ्याला बाजूला ठेवून. एकाला दुसऱ्याचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र साऱ्या विश्वाला लागू असा एकच ‘आत्ता’ दोघांपाशीही सापडत नाही.

खुद्द नागपुरात तर एकाच दिवसाला दोन तारखा आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा, म्हणजे दसऱ्याचा होता. तिथी चंद्राची आणि तारीख सूर्याची, त्यामुळे दोन्ही पुढे वेगळ्या झाल्या. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी घेते. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ साली तो २ ऑक्टोबरलाच आला. दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी लोटते ती दसऱ्याला, आणि १४ ऑक्टोबरलाही लोक वंदनेला येतातच.

त्या तारखेची आणखी एक गंमत आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटे पुढे असतो आणि नागपूर रेखांशामुळे तेवढेच मागे. दोन्ही फरक एकमेकांना खोडून काढतात. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या आवारात कुणी काठी उभी केली, तर भारतीय प्रमाणवेळेच्या बाराच्या ठोक्यालाच तिची सावली उत्तरेकडे सरळ पडलेली दिसेल.