गुडघा नेमका कुठे अडतो?

‘डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले,’ असे सांगत अनेक ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात येतात. वाचकहो, ही समजूत अपुरी आहे आणि तिच्यामुळे नुकसानही होते. वंगण संपलेले यंत्र कमीत कमी चालवावे, असा निष्कर्ष आपण काढतो आणि गुडघ्याला विश्रांतीच देत राहतो.

निरोगी सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून त्याचे पोषण होते आणि चालताना पडणारा व सुटणारा दाब तो द्रव कूर्चेत खेळता ठेवतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजेच झिजेच्या संधिवातात, हा थर खडबडीत व पातळ होतो. कूर्चेत मज्जातंतूही नसल्यामुळे झिजेच्या आरंभी बराच काळ काही जाणवत नाही.

मग हालचाल का खुंटते? हाडांच्या कडांना नवे हाड फुटते आणि ते सांध्याची वाट अडवते. सूज आली की आतला द्रव उलट वाढतो. भरलेल्या पिशवीसारखा सांधा मग पूर्ण दुमडत नाही. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आखडते. दुखण्यामुळे मांडीच्या पुढचे स्नायू नीट आवळले जात नाहीत, ते रोडावतात आणि गुडघ्याचा आधार कमी होतो. वाढलेले हाड व्यायामाने विरघळत नाही. परंतु आखडलेपणा आणि स्नायूंचा दुबळेपणा यांवर बराच इलाज आपल्या हाती असतो.

निरोगी गुडघा सुमारे १३५ ते १४० अंश वाकतो. सपाट जमिनीवर चालण्यास साधारण ६० ते ६५ अंश पुरतात. खुर्चीतून उठण्यास ९० अंश वा थोडे अधिक लागतात. मांडी घालण्यास किंवा उकिडवे बसण्यास मात्र जवळजवळ सगळे वाकणे खर्ची पडते. म्हणूनच पूजेचा पाट आणि देशी शौचकूप यांची अडचण आधी होते. त्यावर उंच आसन व कमोड हा मार्ग आहे. त्यात कमीपणा मानू नये.

खरी काळजी गुडघा सरळ होईनासा झाल्यावर करावी. वाकलेल्या गुडघ्याने उभे राहताना स्नायूंना क्षणभरही विसावा मिळत नाही. माणूस लवकर थकतो, तोल जातो. येथे घरच्यांनी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. बरे वाटते म्हणून रात्रभर गुडघ्याखाली उशी ठेवू नये. गुडघा त्याच स्थितीत आखडण्याचा धोका असतो.

त्याऐवजी पाय लांब करून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडीचे स्नायू आवळून गुडघा खाली दाबावा, पाच अंक मोजावेत आणि सैल सोडावे. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास रोखू नये. व्यायामानंतरची किंचित ठणक चालते. दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेली राहिली, तर प्रमाण कमी करावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. वजन जास्त असल्यास एक किलो घटले, तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंड, जठर व रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो. सांधा अचानक लाल, गरम झाला, ताप आला, पोटरी सुजली किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक काळ टिकत असेल, तर दुसऱ्या प्रकारच्या संधिवाताचीही तपासणी करावी लागते.

‘तुम्ही बसा, मी आणून देते,’ यामागची माया खरी असते. तरीही पाण्याचा पेला आईंना स्वतः उठून घेऊ द्या. आपण शेजारी उभे राहा. त्या चार पावलांची गुडघ्याला गरज आहे.