हॉलंडच्या सुपरमार्केटात रमजानचा बाजार

रमजानच्या चांदाआधीच्या आठवड्यात बीडमध्ये किराण्याची यादी फारसे कोणी लिहून नेत नाही. बशीरगंज, कारंजा किंवा राजुरी वेशीकडच्या नेहमीच्या दुकानात जायचे आणि "शेठ, रमजानचे सामान काढा" एवढेच म्हणायचे. खजूर, बेसन, हरभरा डाळ, शेवया, सरबताची बाटली असे एकेक जिन्नस बाहेर येऊ लागतात. दुकानदार मारवाडी असो, लिंगायत असो, मराठा असो की मुस्लिम, कोणत्या घरात किती माणसे आहेत आणि सहेरीला काय लागते हे त्याला ठाऊक असते. पैसे कमी पडले तर "लिहून ठेवा" म्हटले की काम भागते.

मराठवाड्यातली शिकलेली मुले आता पुणे, हैदराबादमार्गे थेट नेदरलँडपर्यंत पोहोचू लागली आहेत. चिप तयार करणाऱ्या यंत्रांसाठी जगभर नाव असलेली एएसएमएल कंपनी आइंडहोवन शहराला लागून असलेल्या फेल्डहोवनला आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या शेजारचे आम्स्टलफेन तर भारतीय कुटुंबांसाठीच ओळखले जाते. नेदरलँड म्हणजे आपण ज्याला सवयीने हॉलंड म्हणतो तो देश आकाराने बीड जिल्ह्याच्या जेमतेम चौपट आहे. लोकसंख्या मात्र 1 कोटी 80 लाखांच्या घरात. तिथे पहिला रमजान आला की नव्या कुटुंबाला लवकरच कळते की इथे "शेठ, काढा" म्हणायला समोर कोणी नाही. सगळे आपणच शोधायचे, आपणच वाचायचे.

फलक वेगळे, तऱ्हा वेगळी

नवख्या माणसाला सगळ्यात आधी दिसतो तो आल्बर्ट हाइनचा निळा फलक. 1887 मध्ये ओस्टझान नावाच्या गावात आल्बर्ट हाइन या तरुणाने वडिलांचे छोटे किराणा दुकान चालवायला घेतले. त्याचीच आज देशातली सगळ्यात मोठी साखळी झाली आहे. रेल्वे स्थानकापासून वसाहतीच्या कोपऱ्यापर्यंत सगळीकडे तिच्या शाखा आहेत. माल भरपूर, मांडणी नेटकी, पण रोजच्या खरेदीला हात आखडावा लागतो. तिथे खरी किंमत 'बोनस'ची. दर सोमवारी नव्या सवलती लागतात, एकावर एक मोफत अशाही असतात. पण बोनस कार्ड दाखवले तरच. नव्याने आलेली कुटुंबे पहिले काही आठवडे कार्डाविना पूर्ण दाम मोजत राहतात, असे बरेचदा घडते.

दुसऱ्या क्रमांकाचे जम्बो पिवळ्या रंगाचे. त्याचे मुख्यालय फेखल या गावी, म्हणजे आइंडहोवनच्याच ब्राबांट प्रांतात आहे. त्याच्या सवलतींचा आठवडा बुधवारी सुरू होतो, त्यामुळे काटकसरीची घरे सोमवारी एकीकडे आणि बुधवारी दुसरीकडे चक्कर मारतात. आल्डी आणि लिडल या दोन्ही जर्मन साखळ्या. तिथे एका वस्तूचे दहा प्रकार नसतात, एक-दोनच असतात. माल बऱ्याचदा खोक्यासकट मांडलेला असतो, नाव कंपनीचे स्वतःचे, आणि दर कमी. तेल, साखर, दूध, अंडी, कांदे यांसाठी मोठी कुटुंबे तिकडेच वळतात. देशाच्या पश्चिम भागात डर्क नावाची साखळीही स्वस्ताईसाठी ओळखली जाते.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आहे. वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर लिहिलेला असतो. युरोपच्या नियमानुसार तो लिहावाच लागतो. त्यामुळे मोठे पाकीट खरेच स्वस्त आहे की नुसते मोठे दिसते, हे गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या कळते.

दूध समजून ताक

पहिल्या महिन्यात ठेच लागते ती भाषेची. दुधाच्या शेजारी तशाच डब्यात 'कार्नमेल्क' ठेवलेले असते. नावात 'मेल्क' म्हणजे दूध आहे, म्हणून ते घरी येते, सहेरीच्या चहात पडते आणि चहा फाटतो. कार्नमेल्क म्हणजे आपले ताक. इफ्तारनंतर मीठ-जिरे घालून प्यायला उत्तम, चहाला नाही.

पिठाचेही तसेच. 'ब्लूम' म्हणजे मैद्यासारखे पांढरे पीठ. याच शब्दाचा दुसरा अर्थ फूल. 'फोलकोरनमेल' म्हणजे सबंध गव्हाचे पीठ. तिसऱ्या एका पिठात फुगवण्याची पावडर आधीच मिसळलेली असते, त्याच्या चपात्या लाटल्या तर तव्यावर भलतेच काही तयार होते. शेवटी चपातीचा आटा भारतीय किंवा सुरिनामी दुकानातूनच आणला जातो.

तारखांचेही दोन प्रकार आहेत. एक तारीख 'या दिवसापर्यंत दर्जा उत्तम' असे सांगते. ती उलटली तरी बिस्किटे, डाळ, शेवया बिघडतातच असे नाही. दुसरी 'या दिवसापर्यंतच वापरा' असे सांगते, आणि ती मांस-मासळीसारख्या नाशवंत मालावर असते. पहिली तारीख पाहून चांगले अन्न फेकायचे नाही आणि दुसरी उलटल्यावर खायचे नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. तारीख जवळ आलेल्या मालावर सवलतीचे चिकटपत्र लागते. संध्याकाळी त्या कप्प्यापाशी विद्यार्थ्यांची गर्दी असते.

एकाच पाकिटावर दोघांची नजर

आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका लहान पोरही ओळखते. शाकाहारी माणसाला तेवढी खूण पुरते, आणि मुस्लिम घरातही बिस्किट-चॉकलेट घेताना ती उपयोगी पडते. नेदरलँडमध्ये अशी सक्तीची खूण नाही. शाकाहाराची एक युरोपीय खूण आहे, पण ती लावायची की नाही हे कंपनीने ठरवायचे. त्यामुळे घटकांची यादी वाचण्यावाचून सुटका नाही.

या यादीपाशी एक गमतीची गोष्ट घडते. महाराष्ट्रातून गेलेला शाकाहारी हिंदू किंवा जैन आणि त्याच्याच कंपनीतला मुस्लिम सहकारी, दोघेही एकच पाकीट उलटून एकच शब्द शोधत असतात. 'फार्कन' म्हणजे डुक्कर. 'स्पेक' म्हणजे त्याचीच चरबीयुक्त खारवलेली पट्टी. मुलांच्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असते आणि ते बहुतेक वेळा प्राण्यांपासूनच बनवलेले असते. चीजमध्ये 'स्ट्रेम्सल', म्हणजे दूध गोठवणारे विरजण, वासराच्या पोटातले आहे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे पाहावे लागते. ई-120 हा लाल रंग किड्यांपासून काढतात. ई-471 वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. त्यापुढे 'प्लांटार्डिख' म्हणजे वनस्पतीजन्य असे लिहिले असेल तर दोघांचाही जीव भांड्यात पडतो.

सगळ्यात मोठा चकवा वाटाण्याच्या सूपचा. हिवाळ्यात डच लोक आवडीने पितात ते घट्ट हिरवे सूप डब्यावरच्या चित्रात निव्वळ वाटाण्याचे वाटते. पारंपरिक कृतीत मात्र डुकराचे मांस आणि धुरावलेले सॉसेज असते. ज्याला हे आधी कळते तो दुसऱ्याला सांगतो. कुठले बिस्किट चालते, कुठले चीज चालते याच्या याद्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर फिरतात, आणि त्या कुणा एका धर्माच्या नसतात.

खाटीक, सुरिनामी भाजी आणि हेगचा बाजार

काही सुपरमार्केटांत हलालचा छोटा कप्पा असतो. पण रमजानची मुख्य खरेदी होते ती तुर्की आणि मोरोक्कन दुकानांत. कारखान्यांना हात कमी पडत होते म्हणून नेदरलँडने 1964 मध्ये तुर्कस्तानशी आणि 1969 मध्ये मोरोक्कोशी करार करून कामगार आणले. ते तिथेच स्थिरावले आणि गल्लीगल्लीत त्यांचे 'स्लाखर' म्हणजे खाटीक, बेकऱ्या आणि भाजीची दुकाने उभी राहिली. रमजान आला की त्या दारांत खजुरांची खोकी रचली जातात. मोठे मऊ मेदजूल आणि लहान, फिकट देगलेत नूर हे दोन प्रकार सगळीकडे दिसतात.

हे मांस तिथे सहजासहजी टिकून राहिले आहे असे मात्र नाही. बेशुद्ध न करता जनावर कापण्यावर बंदी घालणारे विधेयक 2011 मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले होते. त्याविरुद्ध ज्यू आणि मुस्लिम संघटना एका बाजूला उभ्या राहिल्या. 2012 मध्ये वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. त्यानंतर सरकार आणि या समाजांत करार होऊन जनावराचे हाल कमी करणारे नियम ठरले.

कारले हवे असेल तर सुरिनामी दुकान गाठायचे. तिथे कारल्याला 'सोप्रोपो' म्हणतात आणि चवळीच्या लांब शेंगांना 'काउसनबांट'. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून मजूर नेण्यात आले. त्यांचे पहिले जहाज 'लल्ला रूख' 5 जून 1873 रोजी तिथे पोहोचले. करारावर नाव चढवून घर सोडणारी ती माणसे, आणि उचल घेऊन कारखान्यावर जाणारी आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे. काळ वेगळा, समुद्र वेगळा, पण पोटासाठी गाव सोडण्याची गोष्ट बीडकरांना समजावून सांगावी लागत नाही. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज नेदरलँडला आले. हेग शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यात हिंदूही आहेत आणि मुस्लिमही.

हेगचा खुला बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो आणि युरोपातल्या मोठ्या बाजारांत मोजला जातो. पाले उठायच्या वेळी उरलेली भाजी स्वस्तात निघते. आठवडी बाजाराची सवय असलेल्या माणसाला परदेशात पहिल्यांदा ओळखीचे वाटते ते इथे.

घड्याळाचा रोजा

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असल्याने तिथला रोजा आणि बीडचा रोजा लांबीला जवळपास सारखाच आहे. पण 2015 ते 2018 या काळात तो जूनच्या आसपास आला तेव्हा तिथे रोजा अठरा तासांच्याही पुढे जात असे आणि सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असे. बऱ्याच दुकानांची बंद होण्याची वेळही तीच. चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे 2030 मध्ये रमजान ऐन हिवाळ्यात येईल आणि तिथे संध्याकाळी साडेचार-पावणेपाचलाच इफ्तार होईल. म्हणून जुनी मंडळी नव्यांना एकच सल्ला देतात: इफ्तारच्या तासभर आधी दुकानात जाऊ नका. भुकेल्या पोटी टोपली जास्त भरते आणि नंतर अन्न वाया जाते. हा सल्ला बीडलाही तितकाच लागू आहे.

कुणी पाहत नसताना

डच दुकानात गिऱ्हाईक हातातल्या यंत्राने स्वतःच वस्तू मोजतो, स्वतःच पैसे भरतो आणि पावती दाखवून फाटक उघडतो. अधूनमधून कर्मचारी चार वस्तू तपासतो, एरवी विश्वासावर चालते. एखादी वस्तू न मोजता पिशवीत टाकली तर बहुधा कुणाला कळणारही नाही. रोजाचेही तेच आहे. न्हाणीघरात जाऊन घोटभर पाणी प्यायले तर कोण पाहणार? ज्याने रोजा ठेवला त्यालाच ते ठाऊक असते. म्हणून त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या रोजेदाराची परीक्षा दिवसभराच्या भुकेपेक्षा काही लहान नसते.

दुकानदारावरची जबाबदारीही तितकीच आहे. मापात पाप करणाऱ्यांना बजावणारी एक सूरहच कुरआनात आहे, सूरह मुतफ्फिफीन. पैगंबरांची (स.) बाजारातली एक हकीकत सगळ्यांना माहीत आहे. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, हे स्पष्ट केले. पाकिटावरची घटकांची यादी आणि किलोचा दर म्हणजे ओले धान्य वर ठेवण्याचाच प्रकार आहे. ओळख नसलेल्या माणसालाही खरे कळावे, यासाठी केलेली सोय.

आपल्याकडे ही सोय अजून अर्धवट आहे. सुट्या मिठाईसमोर 'या तारखेपर्यंत खावी' अशी पाटी लावणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे, पण अशी पाटी शोधावीच लागते. खोके फोडून विकलेला खजूर किती जुना, हे रमजानच्या गर्दीत कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. खोक्यावरची तारीख फाडून न टाकता दर्शनी ठेवली, तर दुकानदाराला एक पैसाही खर्च नाही.

उलट बाजूही आहे. हॉलंडच्या यंत्राला किलोचा दर सांगता येतो, पण गिऱ्हाइकाच्या घरात यंदा आजारपण होते हे त्याला कळत नाही. तिथे "लिहून ठेवा" चालत नाही. त्या श्रीमंत देशातही 2002 मध्ये रॉटरडॅमला पहिली अन्नपेढी निघाली, आणि आज तशा पेढ्या देशभर आहेत. बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रावर बऱ्याच ठिकाणी एक जादा बटण असते. लहान प्लॅस्टिक बाटलीमागे 15 सेंट आणि मोठीमागे 25 सेंट अनामत परत मिळते; ते बटण दाबले की ती रक्कम एखाद्या सेवाकार्याला जाते. रमजानमध्ये ते बटण दाबणे हाही सदकाच.

ईदच्या नमाजाआधी फितरा द्यायचा असतो, ठरावीक मापाचे धान्य, खजूर किंवा त्याची किंमत. बीडमध्ये तो देताना कुणाच्या घरी शीरखुर्म्याचे दूध आलेले नाही, हे बऱ्याचदा किराणा दुकानदारालाच आधी माहीत असते. त्याच्या वहीत ते लिहिलेले असते. ज्यांची ऐपत आहे त्यांनी यंदा त्या वहीतली एखाद्या घराची उधारी, नाव न विचारता, फेडून टाकली तर त्या घराची ईद साजरी होईल आणि दुकानदाराचेही पैसे मोकळे होतील.