शेवटच्या नंबराची गंमत

"मावशी, एकदा खेळून तर बघ!" दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाचीने टीव्हीचा खेळ हातात कोंबला. माझा ड्रायव्हिंग क्लास "या वयात कशाला?" ऐकून अर्धवट सुटलेला. तेव्हा गाड्यांची शर्यत म्हटल्यावर मी फुरंगटूनच बसले.

खेळाचं नाव 'मारिओ कार्ट'. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९९२ साली पहिल्यांदा काढलेला. आता त्याची कितवी तरी आवृत्ती.

पहिल्या शर्यतीत बारा जणांत मी बारावी! पण मैत्रिणींनो, खरी खुबी तिथेच आहे. वाटेतल्या पेट्या फोडल्या की पुढच्याला बहुतेक नाणं नाहीतर केळं मिळतं. मागे राहिलेल्याला मात्र सुसाट पळवणारी चांदणी. त्यामुळे शेवटच्या वळणापर्यंत आशा सुटत नाही. (आमच्या बचत गटात असं कुठे असतं!) शिवाय वळणावर गाडी घसरवत नेली, की सुटताना जादा वेग. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी चक्क ओरडले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात लागला.

तिसऱ्या रात्री सातवी आले.

सोमवारी क्लासला पुन्हा गेले. पहिल्याच वळणावर सर किंचाळले, "ताई, हळू!"