प्रोग्रॅम एकीकडे, पडदा दुसरीकडे



आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारे. काऊंटरवर अधूनमधून "लाईन नाही" असे सांगावे लागते. तेव्हा ग्राहक विचारतो, "साहेब, कॉम्प्युटर तर चालूच दिसतो की!" त्याला उत्तर देता यावे म्हणून आम्ही जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

समोर दिसणारा प्रोग्रॅम पुष्कळदा समोरच्या संगणकात नसतोच. तो दूरच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर चालतो. इकडे येते ते केवळ त्याचे चित्र, आणि तिकडे जाते ती आपण कळ दाबल्याची वा माऊस हलविल्याची खूण. अमेरिकेत १९८९ साली स्थापन झालेली सिट्रिक्स ही कंपनी या कामासाठी प्रसिद्ध आहे.

परंतु एकाच सर्व्हरवर अनेक प्रोग्रॅम बसविले की त्यांचे पटत नाही. एकाला जावाची जुनी आवृत्ती लागते, तर दुसऱ्याला नवी. मग दोन सर्व्हर ठेवण्याचा खर्च येतो. यावर तोडगा म्हणजे ॲप-व्ही. सॉफ्ट्रिसिटी कंपनीचे हे तंत्र मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतले. यात प्रोग्रॅम एका कोऱ्या संगणकावर एकदा बसवितात, त्याने ठेवलेल्या फायली व केलेल्या नोंदी टिपून घेतात आणि त्यांचे एक गाठोडे बांधतात. एसटीत शेजारी बसलेले दोन प्रवासी आपापली शिदोरी सोडून जेवतात, तसे मग दोन्ही प्रोग्रॅम एकाच सर्व्हरवर सुखाने चालतात.

आता दोहोंची सांगड. गाठोडे सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. सर्व्हरवर ॲप-व्हीचा क्लायंट चालू असतो. सिट्रिक्सच्या व्यवस्थापनात गाठोड्याची नोंद करून ते कोणत्या गटाला द्यायचे हे ठरवितात. कर्मचाऱ्याने चिन्हावर क्लिक केले की गाठोडे सर्व्हरवर उघडते आणि त्याच्यापुढे पडदा येतो. दुरुस्ती करायची झाल्यास एकाच गाठोड्यात करावी लागते. गावोगावी माणूस पाठवावा लागत नाही. २०१४ च्या झेनॲप ७.५ मध्ये सिट्रिक्सने आपली जुनी सोय सोडून ॲप-व्हीचाच आधार घेतला होता.

मर्यादाही आहेत. ड्रायव्हर गाठोड्यात बांधता येत नाही. तो सर्व्हरवरच बसवावा लागतो. आणि लाईन तुटली की सारे ठप्प!

म्हणूनच मित्रहो, हट्ट्याच्या मुलाकडे महागडा संगणक नाही, एवढ्यावरून त्याने मागे राहण्याचे कारण नाही. साध्या यंत्रावरही मोठे काम होते. मात्र लाईन भरवशाची हवी. आपल्या शाळेसाठी संगणक मागताना लाईनही तितक्याच आग्रहाने मागू या.