पेरणीनंतर बदलणारे नियम

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि कच्चे तेल, नैसर्गिक वायू, कोळसा, गहू, सूर्यफूल तेल या साऱ्यांचे भाव भडकले. त्या लढाईची झळ जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांना जशी लागली, तशी जिल्ह्यातल्या शिवारालाही लागली.

जालना हे सळईचे शहर. इथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळई निघते. भट्टी विजेवर चालते. कोळसा महागला की वीजबिलात इंधन समायोजन आकार चढतो. स्पंज आयर्नलाही कोळसाच लागतो, म्हणजे मार दोन्हीकडून. अशातच 22 मे 2022 पासून केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावले आणि नोव्हेंबरात काढूनही घेतले. त्याच मे महिन्यात 4 टक्क्यांवर असलेला रेपो दर रिझर्व्ह बँकेने वाढवायला घेतला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 टक्क्यांवर गेला. खेळत्या भांडवलावर चालणाऱ्या कारखानदाराला वीज, कच्चा माल आणि व्याज अशा तिन्ही बाजूंनी एकाच वर्षात तोंड द्यावे लागले.

खताचे दुखणे त्याआधीच सुरू झाले होते. मे 2021 मध्ये डीएपीच्या 50 किलोच्या गोणीची खरी किंमत 2400 रुपयांवर पोचली. केंद्राने गोणीमागचे अनुदान 500 रुपयांवरून 1200 केले, त्यामुळे शेतकऱ्याला ती जुन्याच 1200 रुपयांना मिळाली. पुढे ती 1350 झाली. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायू महागला, तरी 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांनाच राहिली. यासाठी 2022-23 मध्ये खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. जगातल्या महागाईचा मोठा वाटा तिजोरीने उचलला नसता, तर त्या खरिपात अनेकांना खताविना पेरावे लागले असते. त्या निर्णयाचे मोल मोठे आहे.

पण खत देताना दाखवलेली ही काळजी पीक विकण्याच्या वेळी कुठे जाते?

बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. बीडीएन 711 आणि बीडीएन 716 हे तुरीचे वाण तिथलेच. पांढऱ्या दाण्याचे बीडीएन 711 लवकर पक्व होते, म्हणून हलक्या-मध्यम जमिनीत, पावसाने ताण दिला तरी पदरात काहीतरी पडते. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी सरकारी पैशातून झालेले हे मोलाचे काम. दुसरीकडे 15 मे 2021 पासून तुरीची आयात मुक्त झाली आणि मार्च 2023 मध्ये तिच्यावरचे 10 टक्के शुल्कही गेले. म्यानमार आणि मोझांबिकची तूर येत राहिली. 2023 मध्ये डाळ कडाडली होती, तेव्हा या आयातीची गरज होती, हे मान्यच करायला हवे. रोजंदारीवर पोट असलेल्यांच्या ताटातले वरण पातळ होऊ लागले होते. पण 2024-25 साठी हमीभाव 7550 रुपये क्विंटल ठरला आणि नवी तूर आडतीवर येऊ लागली, नेमक्या त्याच जानेवारी 2025 मध्ये शुल्कमाफी 31 मार्च 2026 पर्यंत वाढवली गेली. बाजारात तूर हमीभावाखाली घसरली. एका खात्याने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्याने तो टिकू द्यायचा नाही, ही धोरणातली विसंगती शेतकऱ्याने किती काळ सोसायची?

कापसाचेही तेच झाले. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादले, वस्त्रोद्योग अडचणीत आला, म्हणून 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंतची सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत गेली. म्हणजे वेचणीचा ऐन हंगाम तिच्यात सापडला. पेरताना हा नियम कोणालाच ठाऊक नव्हता. सोयाबीनवाल्याला भावाचा अंदाज देणारे वायदेही डिसेंबर 2021 पासून बंद ठेवले गेले.

संकट जगाचे असते, तेव्हा सरकारला झटपट निर्णय घ्यावेच लागतात. पण तेच निर्णय आधी ठरलेल्या नियमाने घेता येतात. खरिपाचे हमीभाव मे-जूनमध्ये जाहीर होतात. त्याच दिवशी तूर, कापूस आणि खाद्यतेलाचे वर्षभराचे आयात शुल्कही जाहीर करावे. परदेशी मालाची पोचकिंमत हमीभावाखाली गेली की शुल्क आपोआप वाढेल आणि ग्राहकासाठी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे भाव गेला की ते उतरेल, अशी सोय त्यातच असावी. सळई उद्योगासाठी निर्यात शुल्काचा असाच पूर्वसूचनेचा नियम हवा.

जालन्याचे खासदार आणि आमदार, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांनी पुढच्या खरिपाआधी केंद्राकडे ही मागणी लावून धरावी. आणि मत मागायला ते दारात येतील तेव्हा शेतकऱ्यांनी कर्जमाफीइतक्याच आग्रहाने तिचा जाब विचारावा.