देवराईतली भीती: कमी पैशांत फोक हॉरर शॉर्टफिल्म कशी करायची?

मागच्या एपिसोडमध्ये मी आमच्या शॉर्टफिल्मबद्दल बोललो आणि त्यानंतर बऱ्याच जणांचं एकच म्हणणं आलं, "हे लिहून टाक ना, ऐकताना नोट्स घेता येत नाहीत." म्हणून हा त्या एपिसोडचा लेखी अवतार. माझे "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी थोडी ओळख. आम्ही सहा जण, सगळे नोकरीवाले. मी स्वतः दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. फिल्म बारा मिनिटांची, सिंधुदुर्गात चार दिवसांत शूट केलेली. विषय माणूस आणि जंगल. प्रकार फोक हॉरर.

फोक हॉरर म्हणजे नेमकं काय?

गावात भूत दाखवलं की फोक हॉरर झालं, असं नाही. या प्रकाराचं मूळ त्रिकूट म्हणून तीन ब्रिटिश सिनेमांची नावं घेतात: 'विचफाइंडर जनरल' (१९६८), 'द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ' (१९७१) आणि 'द विकर मॅन' (१९७३). ॲडम स्कोव्हेल या लेखकाने २०१७ मध्ये आलेल्या पुस्तकात या प्रकाराची एक साखळी मांडली आहे. तिच्या चार कड्या अशा: एक विशिष्ट भूभाग, त्यामुळे जगापासून तुटलेली माणसं, त्या तुटलेपणात वेगळ्याच वाटेने गेलेली श्रद्धा, आणि या सगळ्यातून शेवटी घडणारी भयंकर गोष्ट.

स्क्रिप्ट लिहिताना ही साखळी चेकलिस्टसारखी वापरता येते. भूभाग काढून टाकला तरी तुमची गोष्ट तशीच्या तशी चालत असेल, मुंबईतल्या फ्लॅटमध्येही घडू शकत असेल, तर ती साधी हॉरर आहे. 'विकर मॅन'मध्ये स्कॉटलंडजवळच्या बेटावर सफरचंदाचं पीक बुडालेलं असतं. पुढचं सगळं त्या बुडालेल्या पिकामुळे घडतं. झाडाला फळ धरलं नाही, हे त्या भीतीचं मूळ.

पण ही साखळी आपल्याकडे जशीच्या तशी लावायला एक अडचण आहे. तिथे बहुतेक वेळा भीती गावकऱ्यांची असते. शहरी माणूस येतो, गाव विचित्र निघतं, आणि शहरी माणूस अडकतो. आता पुण्याहून सहा जण कॅमेरा घेऊन कोकणात जाणार आणि तिथली माणसं भयानक आहेत असं दाखवून परत येणार, हे मला पटेना. शिवाय आपल्याकडे "ही बाई करणी करते" एवढ्या संशयावरून माणसांना मारहाण झालेली आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून केस मोकळे सोडलेली म्हातारी आणि तिचे बुबुळं फिरवणारे डोळे आमच्या स्क्रिप्टमधून पहिल्याच दिवशी गेले.

मग भीती ठेवायची कुठे?

नियम हीच गोष्ट

उत्तर देवराईत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेलं जंगल. १९७०च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि शास्त्रज्ञांचं लक्ष या गोष्टीकडे वेधलं. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी अशा तुकड्यांमध्ये जुनी झाडं, मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली आणि पाण्याचे झरे टिकून राहिलेत. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल गावाने अशीच राई म्हणून जपली. तिथे झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. हॉररवाल्यांनी सेट लावायची गरजच नाही!

अनेक देवरायांचा नियम फार कडक असतो. झाड तोडायचं नाहीच, पण खाली पडलेली सुकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. नेली तर देवाचा कोप.

मी नास्तिक माणूस आहे. पण इंजिनियर म्हणून बघितलं तर हा नियम जबरदस्त आहे. "सुकं लाकूड न्या, ओलं तोडू नका" असा नियम असता तर कोण तपासणार? आज सुकी फांदी, उद्या अर्धी सुकलेली, परवा कुऱ्हाड. "काहीच न्यायचं नाही" या नियमाला पळवाट नाही आणि त्याच्यावर पहाराही लागत नाही. राखणदार सगळ्यांच्या डोक्यातच बसवलेला आहे.

आमची गोष्ट यातून निघाली. गावातलाच एक मुलगा वडिलोपार्जित जागेवर होमस्टे काढतो. पाहुण्यांना शेकोटी हवी असते, तो राईतून एक सुका ओंडका आणतो. बस, एवढंच. पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या विहिरीचं पाणी रोज थोडं खाली जातं आणि विहिरीतून झाडाचं मूळ वर येऊ लागतं. आमच्या धंद्यात टेक्निकल डेट म्हणतात ना, आज शॉर्टकट मारला की व्याज नंतर भरावं लागतं, तसंच. फक्त इथे वसुली करणारा कोण, ते दिसत नाही.

तुम्ही लिहाल तेव्हा आधी राक्षस शोधू नका. आधी एक नियम शोधा, तो मोडावासा वाटेल असं अगदी साधं कारण शोधा, आणि मग नियम कशाला राखत होता ते बघा. आमच्या गोष्टीत तो पाणी राखत होता. मग शिक्षाही पाण्यातूनच यायला हवी, नाहीतर प्रेक्षकाला ती लेखकाने वरून चिकटवलेली वाटते.

देव स्वतःचा बनवा

'तुंबाड' (२०१८) बघून अनेकांना वाटलं की हस्तर खरंच कुठल्यातरी पुराणात आहे. नाहीये, तो सिनेमासाठी रचलेला आहे. हा मार्ग मला सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात मोकळा वाटतो. खऱ्या ग्रामदेवतेचं नाव घेतलं की तुम्ही लोकांच्या रोजच्या पूजेत हात घालता. 'कांतारा'ने (२०२२) तुळुनाडूतला भूतकोला थेट घेतला, पण तो दिग्दर्शक त्याच भागातला आहे. आपण बाहेरचे असू तर जपून. आम्ही फिल्ममध्ये देवाचं नावच घेतलं नाही. सगळे नुसतं "राखणदार" म्हणतात.

परवानगी: कागदाची आणि गावाची

कागदाची बाजू आधी. देवराईची जमीन कुठे महसूल खात्याकडे असते, कुठे वनखात्याकडे, कुठे देवस्थानाकडे. त्यामुळे सातबारा बघितल्याशिवाय कोणाकडे अर्ज करायचा हेच कळत नाही. जनावर दाखवायचं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची वेगळी परवानगी लागते. आमच्या स्क्रिप्टमध्ये कोंबडा होता. तो आम्ही फक्त आवाजात ठेवला, आणि तो सीन उलट जास्त अंगावर आला.

पण खरी परवानगी गावाची. आम्ही गावकर, गुरव आणि मानकऱ्यांना भेटलो, गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय महाराजा" म्हणाले, आणि कौल लावला. कौल म्हणजे पाषाणाला तांदूळ किंवा कळ्या लावतात आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं त्यावरून देवाचं उत्तर घेतात. उत्तर आलं: कडेला शूट करा, आत नाही. एक आजोबा म्हणाले, "भायर काय तां करा, आत जावचा नाय."

आमच्यातल्या दोघांचा चेहरा पडला. शॉटलिस्टमधले अकरा शॉट आतले होते. रात्री बरीच वादावादी झाली. "कोण बघायला येणार आहे? पहाटे दोन तासांत उरकू," असंही एक जण म्हणाला. आणि तो बोलला तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं की आमच्या फिल्ममधला होमस्टेवाला अगदी हेच म्हणतो! आपल्या फिल्मचा खलनायक व्हायला किती कमी वेळ लागतो बघा.

आम्ही आत गेलो नाही. ते अकरा शॉट रद्द केले, तीन एका काजूच्या जुन्या बागेत मालकाला विचारून घेतले, आणि बाकीचं आवाजावर टाकलं. फिल्ममध्ये कॅमेरा राईच्या बाहेर थांबतो आणि मुलगा आत दिसेनासा होतो. आत काय झालं ते कोणालाच दिसत नाही. ज्यांनी रफ कट बघितला त्यांना हाच भाग सगळ्यात भयानक वाटला.

आणखी एक. गावाचं नाव आम्ही क्रेडिट्समध्ये दिलेलं नाही आणि इथेही देणार नाही. लोकेशन व्हायरल झालं की रीलवाले येतात, आणि राईला मग कुऱ्हाडीचीही गरज उरत नाही.

आवाज: तुमचा सगळ्यात स्वस्त राक्षस

पैसे कमी असतील तर कॅमेरा स्वस्त घ्या, पण साउंड रेकॉर्डरवर खर्च करा. आम्ही भाड्याचा मिररलेस कॅमेरा आणि एकच ३५ एमएम लेन्स वापरली.

मे अखेरीस कोकणातल्या झाडीत किड्यांची किरकिर एवढी असते की संवाद बुडतात. हा आवाज साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि आपले 'स', 'श' पण तिथेच असतात. त्यामुळे एडिटमध्ये किरकिर कापायला गेलात तर शब्दही बोबडे होतात. उपाय: माइक तोंडाजवळ, संवाद कमी, आणि प्रत्येक जागी कोणीही न बोलता दोन मिनिटांचा नुसता आसपासचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा.

याच किरकिरीचा आम्हाला फायदाही झाला. माणूस जवळ आला की किडे गप्प होतात. म्हणून फिल्ममध्ये पहिली आठ मिनिटं किरकिर सतत ठेवली, प्रेक्षक ती ऐकायचंच विसरतो. मग एका क्षणी ती बंद. कोणीतरी जवळ आलंय, पण पडद्यावर कोणीच नाही. म्युझिकचा दणका नाही, खर्च शून्य.

प्रकाश आणि पाऊस

रात्रीचं जंगल खऱ्या रात्री उजळायला जनरेटर लागतो आणि दिव्यांनी काजवे-पाखरं बिथरतात. आम्ही डे फॉर नाइट केलं: ढगाळ दिवस, फ्रेममध्ये आकाश अजिबात नाही, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन. घरातल्या शॉटसाठी २५ एफपीएस आणि शटर १/५०, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बल्ब फडफडत नाहीत.

पाऊस समोरून दिसतच नाही. मागून प्रकाश आणि मागे गडद झाडी असेल तरच धारा दिसतात. कॅमेरा एसी गाडीतून थेट बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, म्हणून एसी बंद. सगळ्यात मोठा धोका कंटिन्युइटीचा. पहिले दोन-चार पाऊस झाले की उजाड सडा हिरवा होतो आणि मंगळवारचा शॉट बुधवारला जुळत नाही. त्यामुळे बाहेरचे सगळे शॉट सलग उरकायचे. ऋतूचं सोंग आणणं किती कठीण ते 'विकर मॅन'वाल्यांना विचारा. गोष्ट मे महिन्यातली, शूट थंडीच्या तोंडावर. झाडांना खोटा मोहर लावला, आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांनी बर्फाचे खडे चघळले.

तुमचे दोन प्रश्न

*देव मानत नाहीस, मग कौल का पाळला?*
कारण जागा त्यांची, नियम त्यांचा, आणि त्या नियमामुळेच ती जागा अजून आहे. आता अनेक ठिकाणी जुनी राई साफ करून सिमेंटचं मोठं मंदिर उभं राहतं. देव राहतो, राई जाते. फिल्म याच भीतीबद्दल आहे.

*खर्च कशावर झाला?*
प्रवास, राहणं आणि जेवण, कॅमेऱ्यापेक्षा जास्त. पण जेवणावर वाचवू नका, उपाशी माणसं जंगलात भांडतात. आणि जळवांसाठी मीठ न्या.

जाता जाता गृहपाठ. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, "आपल्याकडे काय करायचं नाही?" तळ्यात, डोंगरावर, एखाद्या झाडाखाली, कुठेही. मिळालेला नियम लिहून ठेवा, आणि शेजारी लिहा की तो काय राखतो. काही मिळालं तर मला नक्की कळवा, गावाचं नाव गाळून. पुढच्या भागात एडिटबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या!