चंद्रपूर-गडचिरोलीत गाडी टिकवायची तर

बहुतेक मोटार कंपन्या गाडीसोबत जी पुस्तिका देतात, तिच्यात सर्व्हिसिंगची दोन वेळापत्रके असतात: एक साधारण वापरासाठी, दुसरे खडतर परिस्थितीसाठी. खडतर म्हणजे धुळीचा रस्ता, कडक ऊन, कच्ची वाट, जास्तीचे ओझे आणि सतत होणाऱ्या छोट्या फेऱ्या. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हे सगळे रोजचेच आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 अंशांपर्यंत चढतो. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात कोळशाची धूळ, तर गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटची. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडहून लोहखनिजाचे ट्रक निघतात, त्या रस्त्यांवर लाल धूळ. तरीही बहुतेक मालक साधारण वेळापत्रक धरून, दहा हजार किलोमीटर झाल्यावरच गाडी गॅरेजला आणतात. मेकॅनिकपुढे येणाऱ्या मोठ्या बिलांची सुरुवात बरेचदा इथूनच होते.

उन्हाळा आणि इंजिन

इंधन जळून निर्माण होणारी निम्म्याहून अधिक उष्णता चाकांच्या कामी येत नाही. ती रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे बाहेर टाकावी लागते. रेडिएटर बाहेरच्या हवेने थंड होतो. ती हवाच 46 अंशांची असली, वर जाळीत कोळशाचा चिखल बसलेला असला, की त्याची ताकद कमी पडते. त्यातच कूलंट कमी झाले म्हणून कोणी बोअरचे पाणी ओतले, तर त्यातले क्षार आत साचतात आणि गंज धरतो. योग्य मिश्रण म्हणजे साधारण निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी. दाबाच्या झाकणामुळे हे मिश्रण शंभर अंशांच्या बरेच वर गेल्याशिवाय उकळत नाही.

जुना मिस्त्री इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढतो आणि आत बोट बुडवतो. हिरवट किंवा गुलाबी, किंचित बुळबुळीत द्रव लागला तर ठीक. तांबूस, गढूळ पाणी निघाले तर आत गंज आहे. मग तो ऑइलची डिपस्टिक पुसून पाहतो. ऑइल दुधाळ दिसले तर हेड गॅस्केट गेले आणि पाणी ऑइलमध्ये मिसळले, हे त्याला तिथेच कळते. एकदा जास्त तापलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि काही शे रुपयांच्या कूलंटपायी इंजिन खोलावे लागते. तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करावा, गाडी बाजूला घेऊन थांबावे आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. दाबाखालची वाफ भाजून काढते.

धूळ

एअर फिल्टर कागदी घड्यांचा असतो. तो चोंदला की पिकअप पडतो, आणि फाटला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते; मग गाडी ऑइल पिऊ लागते. खाणपट्ट्यात रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर दर महिन्याला काढून पाहणे योग्य. हवा मारायची ती आतून बाहेर आणि कमी दाबाने, नाहीतर कागद फाटतो. 2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा आणखी एक फिल्टर सायलेन्सरच्या मार्गात असतो. तो साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग, एका वेगाने पळावी लागते. बाजारापुरती दोन-तीन किलोमीटर फिरणारी गाडी ही संधी त्याला देतच नाही आणि तो तुंबतो. ज्यांचा वापर गावातल्या गावातच आहे, त्यांनी डिझेल घेताना हा विचार करावा.

टायर आणि ब्रेक

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून त्यात हवा कमी ठेवावी, असा समज सगळीकडे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेला दाब सकाळी, टायर थंड असताना भरावा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात जुना झालेला रबर कडक होतो, त्याला भेगा पडतात. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर कायद्यानेही बाद.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. ओल धरलेले ऑइल तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जाते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, गाडी कमी चालली असली तरी.

पूर आणि रपटा

भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने मार्ग बंद झाल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आल्या आहेत, आणि लहान नाल्यांवरचे रपटे तर दोन्ही जिल्ह्यांत पाण्याखाली जातात. अशा पाण्यात घातलेल्या गाडीच्या इंजिनाने हवेच्या वाटेने पाणी ओढले, तर पिस्टन दाबायला जातो आणि पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये, ढकलून बाहेर काढावी. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आणि पाण्याचा जोर दिसत असताना रपटा ओलांडणे हा जिवाशी खेळ आहे.

रानातला रात्रीचा रस्ता

चंद्रपूर-मूल किंवा आलापल्ली-सिरोंचा या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर चितळ, रानडुक्कर, कधी वाघही आडवा येतो. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढे अंतर संपते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे 36 मीटर लागतात. डिपरचा उजेड साधारण 40-50 मीटरच पोहोचतो. म्हणजे दिसल्यावर थांबणे अशक्य. ताशी 40 ला हेच एकूण अंतर 20 मीटरच्या आसपास असते. चितळे कळपाने फिरतात. एक ओलांडून गेले तर दुसरे मागे असणार, असे धरून चालावे.

जनावराच्या धडकेच्या भीतीने अनेकजण पुढे लोखंडी बुलगार्ड लावतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये त्यावर बंदी आणली. धडक शोषण्यासाठी चुरगळणारा पुढचा भाग आणि एअरबॅगचे सेन्सर यांच्या कामात तो अडथळा आणतो. गाडीच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या, 2023 च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत समोरची धडक ताशी 64 किलोमीटरला दिली जाते. तारे त्या वेगाचे आहेत, त्यापुढचे नव्हेत. आणि गाडी कितीही सुरक्षित असली तरी मागे बसणाऱ्यालाही पट्टा हवाच: सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते महागड्या, सुरक्षित मानल्या जाणाऱ्या गाडीत मागे बसले होते आणि तपासानुसार त्यांनी पट्टा लावला नव्हता.

इंधनाचा हिशोब

ॲव्हरेज मोजायचे तर टाकी फुल करावी, चारशे-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा फुल करावी आणि अंतराला लिटरने भागावे. महिन्याला 1000 किलोमीटर चालणारी गाडी 16 ऐवजी 14 देऊ लागली तर 9 लिटर जास्त जळतात. 100 रुपये लिटर धरले तरी वर्षाला दहा हजारांहून अधिक. कारणे बहुधा साधी असतात: कमी हवा, बिघडलेले अलाइनमेंट, चिकटून घासणारे ब्रेक पॅड, घसरणारी क्लच प्लेट. थोडा वाटा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा आहे. त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवून 10 टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात आहे. घट त्याहून मोठी असेल, तर दोष पेट्रोलला न देता गाडी तपासून घ्यावी.

टिकाऊपणा, सुरक्षा आणि इंधनखर्च या तिन्हींची किल्ली एकाच ठिकाणी आहे. टायर, ब्रेक, कूलंट आणि फिल्टर वेळेवर पाहिले तर तिन्ही सांभाळले जातात. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि वाटेत गॅरेज विरळ. या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक गाडीमालकाने पुस्तिकेतले खडतर परिस्थितीचे वेळापत्रकच आपले समजावे, आणि निघण्यापूर्वी स्टेपनीतली हवाही पाहावी.